बांधावरचा चिखल

शहापूरच्या ज्या दवाखान्यात एचआयव्हीची औषधं मिळतात, तिथल्या बाकावर कुणी कुणाला नाव विचारत नाही. त्यामुळे वैशाखऱ्याकडून येणाऱ्या त्या बाईंचं नाव मला ठाऊक नाही. जवळच्या मुरबाडला कुणी ओळखेल, म्हणून त्या एवढ्या लांब यायच्या. टाचांच्या भेगांत शेतातला चिखल तसाच असायचा.

एकदा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं, "हा विषाणू एकट्याने काही करू शकत नाही. आपल्याच पेशीवरची प्रथिनं धरून तो आत शिरतो. आतली काही प्रथिनं त्याला अडवतात, पण काहींना तो आपल्या कामाला जुंपतो."

मी भडकलो. "म्हणजे आपलंच शरीर फितूर!"

बाकावरच्या त्या वैशाखऱ्याच्या बाई माझ्याकडे वळल्या. "फितूर कशाला, दादा? आमच्या भाताच्या बांधाला खेकडा बीळ पाडतो, पानी निघून जातं. म्हनून काय बांधावर रागवायचं? रोज सकाळी जायचं, चिखल थापायचा. कंटाळा करायचा नाय."

बोलताना त्यांचा अंगठा बाकाच्या कडेवर चिखल दाबावा तसा दाबत होता. मग गोळ्यांची बाटली पिशवीत टाकून त्या एसटी स्टँडकडे चालू लागल्या.

आता रोज सकाळी मी गोळी गिळतो, आणि माझा अंगठा आपोआप टेबलाच्या कडेवर दाबला जातो.