नाणेघाटातलं पुस्तक-परीक्षण

माझी पुस्तक-परीक्षणं आयुष्यात एकाच माणसानं शेवटपर्यंत वाचली, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीचा निघाला.

नव्वदच्या दशकात मी नारायणगावच्या एका साप्ताहिकात साहसाच्या, इतिहासाच्या पुस्तकांवर आणि सिनेमांवर लिहायचो. (साप्ताहिक जमेल तसं निघायचं, तो भाग वेगळा.) एकदा माझी बायको सुनंदा हिनं एक कादंबरी हातात ठेवली. लेखकाचं टोपणनाव. नायक जखमी मित्राला पाठुंगळी घेऊन अख्खा नाणेघाट चढतो! मी लिहिलं, 'लेखकमहाशय घाट सोडाच, घरचा जिनाही चढले नसावेत.' लिहिलं आणि स्वतःच खो खो हसलो.

अंक निघाला त्याच आठवड्यात पेठ गावाहून सुनंदाचे मामा आले. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, छाती अजून 'सावधान'मध्येच! पाण्याला हात लावला नाही.

"जावईबापू, घाट कधी बघितलाय का?"

"बघितलाय ना... वरून."

"आन् आमी जिना पन चढलो न्हाई व्हय?"

स्वयंपाकघरातून सुनंदा कडाडली, "अहो, मामांचं पुस्तक व्हतं ते! मामी गेल्यापासून त्याच्यातच जीव रमवत व्हते!"

"मग सांगायचं नाही का आधी?"

"मला वाटलं, न सांगता चांगलं लिवलं तर मामांना खरं वाटंल!"

मी मामांचे पाय धरले. मामांनी ते सोडवून घेतले. "माफी नगं. घाटात चला."

घाटमाथ्यावरच्या घाटघर गावाला जाणाऱ्या जीपमध्ये सासूबाई डबा घेऊन, मेहुणा कॅमेरा घेऊन आधीच बसलेले! (जावयाची फजिती बघायला माणसं न बोलावता जमतात.) आम्ही घाट उतरू लागलो. मी शहाणपणानं म्हणालो, "पायऱ्या तशा सोप्या आहेत हं!" आणि पुढच्याच पायरीवर पाय मुरगळून बसलो. घोटा टोमॅटोसारखा टरारला.

सगळे हळहळले. मामांच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद पसरला, जो आमच्या लग्नातही दिसला नव्हता! ते पाठ करून खाली बसले.

"बसा."

"मामा, नको! लोक बघतायत!"

"बघू द्या की! बसा म्हनतो!"

बसलो. दुसरं करणार काय? मामा चढू लागले, आणि चढता चढता परीक्षण नव्यानं सुरू झालं.

"संवाद कसं वाटलं?"

"छान!"

"नुसतंच छान?" मामा कडेला थांबले.

"जिवंत! एकदम जिवंत!"

"आन् शेवट?"

खाली कोकण दिसत होतं. सरळ खाली.

"शेवट तर अप्रतिम, मामा! चला ना पुढं!"

मेहुणा मागून ओरडला, "मामा, घाई नगं! प्रस्तावनेवर अजून बोलायचंय दाजींना!"

वर पोहोचल्यावर मामा धापा टाकत माझ्याशेजारी बसले. डोळे ओले होते. "तुमच्या मामी असत्या ना, लई हसल्या असत्या," म्हणाले. मग मात्र मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्याबरोबर मी त्याच कादंबरीचं तोंडभरून कौतुक लिहून पाठवलं. संपादक म्हणाले, "राव, गेल्या अंकात शिव्या, ह्या अंकात आरती? तुमी आपलं मार्केटचे भाव लिवा!"

लिहिले. पहिल्याच अंकात चुकले. निम्मा बाजार दारात येऊन उभा राहिला. मी कॉटखाली शिरायच्या बेतात होतो, तोवर सुनंदानं मंडळींना चहा दिला आणि सांगितलं, "पाय बरा झालाय आता त्यांचा. न्या कुठं न्यायचं तिकडं!"