परवाना येण्याआधी

रियाधमध्ये माझी बायको मानसशास्त्रज्ञ नव्हती. पुण्यात ती बारा वर्षं होती. इथे तिच्या इकाम्यावर, म्हणजे निवास-ओळखपत्रावर, माझी पत्नी एवढीच ओळख होती, आणि खाली ‘काम करण्यास परवानगी नाही’ असा शेरा. पदव्यांची पडताळणी झाली होती, भारतातल्या नोंदणीचा आणि कोणतीही तक्रार नसल्याचा दाखला पोचला होता, परीक्षा ती पास झाली होती. फाईल परवाने देणाऱ्या आरोग्य आयोगाकडे होती. संकेतस्थळावर तिच्या नावापुढे ‘विचाराधीन’ असं दिसायचं.

नियम साधा होता. परवाना हाती येईपर्यंत कुणावरही उपचार करायचे नाहीत, स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायचं नाही. पैसे घेतले नाहीत, हा बचाव नव्हता. पकडलं गेलं तर दंड होता, तुरुंगही होऊ शकत होता, आणि फाईल बंद झाली असती. तिला तो कायदा जाचक वाटत नसे. शनिवार-रविवारचा कोर्स करून ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांबद्दल ती पुण्यात उघडपणे बोललेली होती. असा कायदा आपल्याकडे हवा, हे तिचंच म्हणणं होतं.

त्यामुळे आमच्या अल मलाझ वस्तीतल्या मराठी घरांत हळदीकुंकवाला कुणी ‘तुम्हांला म्हणून सांगते’ अशी सुरुवात केली की ती कप उचलून स्वयंपाकघरात जायची. गर्विष्ठ आहे, असं तिच्याबद्दल बोललं जाई. ते तिच्या कानावर होतं.

त्या शनिवारी सकाळी दारात दोन माणसं उभी होती. पुढचे आमच्या ओळखीचे. रायगडच्या किनाऱ्यावरचे, एका बांधकाम कंपनीत फोरमन, कामगारांचा सगळा कॅम्प त्यांना चाचा म्हणे. त्यांच्या मागे रत्नागिरीकडचा एक पाइपफिटर, तिशीच्या आतबाहेरचा. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. तो चपला काढून दाराजवळच उभा राहिला.

“कामावरून परत पाठवला सुपरवायझरने,” चाचा म्हणाले. “झोपत नाय, जेवत नाय. परवा साइटच्या उंच मचाणावर नुसताच उभा होता, हाक मारली तरी वळेना. वहिनी, जरा बोला त्याच्याशी.”

“चाचा, मला इथे बोलता येत नाही.”

“बोलायला काय लायसन लागतं?”

“मला लागतं.”

“मी तीस वर्षं बिनलायसनचा सल्ला देतोय सगळ्या कॅम्पला. मला कोणी धरला नाय.”

“तुमची फाईल नाही आयोगाकडे.”

चाचा हसले. पाइपफिटर हसला नाही. बायकोने त्याला बसायला सांगितलं, चहा दिला आणि त्याच्या समोर न बसता ती खिडकीपाशी उभी राहिली. एकही प्रश्न विचारला नाही. मी तिच्याकडे पाहत होतो. ती त्याच्या हातांकडे पाहत होती. चहावर साय धरली तरी कप उचलला गेला नव्हता.

“कंपनीचा विमा आहे ना?” तिने चाचांना विचारलं. “मग आत्ता हॉस्पिटलला जायचं. उद्या नाही.”

“तिथं हा काय बोलणार? ह्याला इंग्रजी येत नाय, हिंदी बोलताना अडतो. आणि वेड्यांचा डॉक्टर म्हटल्यावर गाडीतनं उतरायचा नाय.”

“मी येते. दुभाषी म्हणून. तो बोलेल ते सांगेन, डॉक्टर बोलतील ते सांगेन. त्यापलीकडे एक शब्द नाही.”

गाडी मी चालवली.

हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात त्या दिवशी जॉर्डनच्या एक मानसशास्त्रज्ञ होत्या. पन्नाशीच्या, शांत. त्यांचा परवाना खुर्चीमागच्या भिंतीवर चौकटीत लावलेला होता, मुदत संपण्याच्या तारखेसह. बायकोने तो वाचला आणि मग ती खाली बसली. चाचा बाहेर थांबले. मीही उठणार होतो, पण त्याने माझी बाही धरली. “साहेब पण बसू देत,” तो म्हणाला. मानसशास्त्रज्ञांनी मान डोलावली.

प्रश्न इंग्रजीत येत होते, मराठीत जात होते. उत्तरं मराठीत येत होती, इंग्रजीत जात होती. माझी उमेदीची वर्षं बातमीच्या टेबलावर गेली आहेत, दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं ठेवणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. बायको ते अचूक करत होती. तो अडखळला तिथे तीही थांबत होती. त्याने ‘डोकं जड’ म्हटलं की ती ‘डोकं जड’ एवढंच सांगत होती, ‘नैराश्य’ नाही.

झोप किती. भूक. घरी कोण. बायको, मुलगी, आई. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हाही प्रश्न त्यांनी सरळ विचारला. तो हलकं हसला. “नाय हो. तसलं काय नाय.” तेही तसंच पोचवलं गेलं.

“घरच्यांशी संपर्क आहे?”

“आहे. बुधवारी एक जण गावी गेला, त्याच्याबरोबर सामान पाठवलं. माझे कपडे पण दिले. नवीन होते ते.”

बायकोने भाषांतर केलं. मानसशास्त्रज्ञांनी ते लिहून घेतलं, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. घराशी बांधलेला माणूस, असंच कुणालाही वाटलं असतं. त्या झोपेच्या वेळा कशा सांभाळाव्यात ते सांगू लागल्या, आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख बघायला संगणकाकडे वळल्या.

बायकोने झोपेचं वाक्य मराठीत सांगितलंच नाही.

कॅम्पमधून कुणी सुट्टीवर निघालं की खोलीतले सगळे त्याच्या बॅगेत काही ना काही देतात. साबण, अत्तर, ब्लँकेट, मुलांची चॉकलेटं. एक गोष्ट कुणी देत नाही. गावी उतरताना अंगावर घालायचे कपडे प्रत्येकाच्या पेटीत तळाशी ठेवलेले असतात, घडी न मोडलेले. ते माणूस स्वतः घालून जातो. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. समोरच्या बाईंना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

“मॅडम,” ती इंग्रजीत म्हणाली, “दुभाष्याचं काम मी इथे थांबवते. यापुढचं माझं आहे.” आणि तिने कपड्यांचा अर्थ चार वाक्यांत सांगितला.

त्यांचा हात माऊसवरून उचलला गेला. “तुम्ही काय करता?”

‘गृहिणी’ म्हटलं असतं तर ते उत्तर खोटं नव्हतं. इकाम्याशी ते जुळणारं होतं.

“भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. इथे परवाना नाही. फाईल आयोगाकडे आहे.”

तो आळीपाळीने दोघींकडे पाहत होता. आपल्याबद्दल काहीतरी ठरतंय एवढं त्याला कळलं होतं.

“दुभाष्याचं नाव मला नोंदवावं लागतं,” त्या म्हणाल्या. “आणि हे कुणी सांगितलं, तेही.”

“नोंदवा.”

तिने स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर सांगितलं. त्या टाइप करत गेल्या. मग खुर्ची त्याच्याकडे वळवून त्या बोलल्या, आणि बायकोने त्यांचंच वाक्य, त्यांच्याच क्रमाने, मराठीत ठेवलं. “गावी जाताना घालायचे कपडे तुम्ही पुढे पाठवले. तुम्ही स्वतः जाणार नाही, असं ठरवलंय का?”

माझी बाही अजून त्याच्या मुठीत होती, मूठ घट्ट झाली.

“मचाणावरनं,” तो म्हणाला. “परवा जमलं नाय. उद्या रविवारी करणार होतो.”

तिने ते इंग्रजीत सांगितलं. आवाज तसाच होता, वाक्य तेवढंच होतं.

पुढचं वेगात झालं. मानसोपचारतज्ज्ञ आले, वॉर्डमध्ये खाट मिळाली, चाचांना आत बोलावून कंपनीला फोन करायला सांगितलं. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही केल्या तो काढेनात. “मला सांगायचं नाय का रे,” एवढंच म्हणत राहिले.

त्याला नेताना मानसशास्त्रज्ञांनी बायकोला थांबवलं. “उद्या तुमची भाषा जाणणारं माणूस लागेल. हॉस्पिटलकडे कुणी नाही. येणं तुमच्यासाठी धोक्याचं आहे, हे मला कळतं. आजची नोंद मी खोडणार नाही.”

“खोडू नका.”

“आयोगाने विचारलं तर घडलं तसं सांगेन. त्याचा ते काय अर्थ लावतील, मला माहीत नाही.”

“मलाही नाही,” बायको म्हणाली, आणि उद्या किती वाजता यायचं ते तिने विचारून घेतलं.