भावाचं नाव गुपित नव्हतं

मंगळवारी माझा भाऊ गेला. पुढच्या आठवड्यात अल्लीपूरच्या दवाखान्यातला राऊटर विजेने जळला.

हिंगणघाटच्या लॅबमधून त्या दवाखान्यात तपासण्यांचे रिपोर्ट जात. ती जोडणी भावानेच बांधली होती. दोन्ही टोकांना एकच गुपित शब्द भरावा लागतो. तो जुळला तरच राऊटर एकमेकांशी सांकेतिक भाषेत बोलतात. शब्द भावाबरोबर गेला. तापाने फणफणलेली माणसंही रिपोर्टसाठी हिंगणघाटची बस धरू लागली.

मी कॉलेजात गणित शिकवते. राऊटरची माहितीपुस्तिका घेऊन बसले. त्या दिवसांत वाचन तेवढं जमत होतं.

गुपित तपासण्याच्या दोन रीती होत्या. जुन्या, झटपट रीतीत गुपिताचा ठसा उघड्यावरून जातो. कुणी तो पकडला, तर घरी बसून शब्द ताडत राहू शकतो. नव्या रीतीत राऊटर आधी आपसात पडदा उभारतात आणि गुपित पडद्याआड तपासतात.

लॅबमधल्या तंत्रज्ञाला झटपट रीत हवी होती. भाऊ त्याचा जिवलग. "ताई, शब्द म्हून भाऊचंच नाव टाकू. अल्लीपूरचे डॉक्टरसायबबी तेच म्हणून राह्यले."

मी पुस्तिका मिटली. मग म्हटलं, "त्याचं नाव तर पानठेलेवाल्यालेबी माहीत आहे."

"मंग?"

"मंग गुपित कायचं रे?"

तो डोळे पुसत हसला. "आन भाऊ वरून शिव्या देईल ते अलगच."

लॅबमधला राऊटर आणि अल्लीपूरसाठी आणलेला नवा, दोन्ही आम्ही एकाच टेबलावर ठेवले. नवी रीत निवडली. संगणकाकडून अर्थ नसलेला लांबलचक शब्द काढून दोन्हींत भरला. तो शब्द फोनवर कुणाला सांगायची गरजच उरली नाही. मग नवा राऊटर मांडीवर घेऊन मी अल्लीपूरच्या बसमध्ये बसले.

दवाखान्यात तार जोडली. डॉक्टर माझ्या खुर्चीमागे उभे. "लागली का लाइन, मॅडम?" मी उत्तर देण्याआधीच दिवा हिरवा झाला, आणि संगणकाच्या पडद्यावर रिपोर्ट उघडला.

डॉक्टर व्हरांड्यात धावले. तिथं एक मावशी रिपोर्टसाठी हिंगणघाटच्या बसला निघाल्या होत्या. "मावशी, थैली ठेवा खाली! तुमचा रिपोर्ट इथंच आला."

"कोनं आणला?"

"लाइनीनं!"

"एवढ्या लवकर बस तर येत नाई," मावशी म्हणाल्या.

मी टाळ्या वाजवल्या. वर्गात कधी वाजवल्या नव्हत्या.

भाऊ नाही. जोडणी चालू आहे. नवा शब्द लिहून डॉक्टरांकडे आणि माझ्याकडे ठेवला आहे.