नॉर्वेच्या सुरीची धार
ओल्या दगडाचा वास आला की ह्यांची नॉर्वेहून आणलेली, लाकडी मुठीची सुरी आठवते. एका शनिवारी, दुसऱ्या दिवशी ते सुरगाण्याच्या डोंगरात भटकायला निघणार, म्हणून मी ती परस्पर सायकलवरच्या धारवाल्याला दिली. "ताई, आता बोटं जपा!" तो म्हणाला. चाकावर घासून त्याने पात्याचा धारेपर्यंत जाणारा रुंद, सपाट उतारच घालवला होता. ह्यांनी पाते उजेडात धरले. "अहो, बिघडली का?" "विळीच समजला तो हिला." मला रडू आले. त्यांनी डोंगर रद्द केला, धार लावायचा दगड भिजवला, माझी बोटे पात्यावर टेकवून वर आपला हात ठेवला. "एवढाच कोन धर. घाई नको." उतार परत आणण्यात सगळा रविवार गेला. तो रविवार मला किती आवडला होता, हे सांगेन सांगेन म्हणत त्यांना सांगायचे राहूनच गेले.