फुलदाणीच्या बुडाखालचे मुंगळे

आमच्या घरात एक जपानी फुलदाणी होती आणि ती जपानी आहे हे आईशिवाय कोणीच मानत नव्हतं. आई बुलढाण्यात नर्स होती. बदली होऊन निघालेल्या एका साहेबांच्या बायकोने, अवघड बाळंतपण नीट पार पडलं म्हणून, ती आईला दिली होती. दादा-वहिनी मात्र चारचौघांत हसायचे, साखरखेर्ड्याच्या बाजारातली असेल म्हणायचे. आई गप्प बसायची. मला संताप यायचा, तिच्या गप्प बसण्याचासुद्धा.

लहानपणी आई ती धुवायची तेव्हा बुडाखाली लाल अक्षरं दिसायची. ती त्यांना मुंगळे म्हणायची. मागच्या वर्षी मी मोबाइलवर अशा फुलदाण्यांच्या बुडांचे फोटो धुंडाळत बसले. कारागिरांची खूण वरून खाली वाचायची. कुतानी नावाच्या जपानी कामावर पुष्कळदा लाल रंगात दोनच अक्षरं असतात. वरचं वाकड्या हुकासारखं, खालचं छपराखाली चौकोनी खिडकी असावी तसं. मला फक्त एकदा ती फुलदाणी उलटी करायची होती, आईच्या आणि दादाच्या देखत. पण ती दादाच्या शोकेसमध्ये कुलपात, आणि वहिनीला किल्ली कधीच सापडायची नाही. तेवढ्यात आई गेली.

तेराव्याला आमच्याकडे स्टीलचे डबे वाटतात, गेलेल्या माणसाचं नाव कोरून. दादाने डब्यांबरोबर फुलदाणीही भांड्यांच्या दुकानात पाठवली. पाहुणे पांगल्यावर त्याने ती माझ्या हातात दिली.

"आईची आठवन म्हून ठेव तुयापाशी. खाली नाव बी घालून आनलं."

मी ती उलटी केली. नाव घालायच्या मशीनने चकाकी खरवडून मातोश्रींच्या स्मरणार्थ असं कोरलं होतं, खाली दादाचं पूर्ण नाव. लाल रंगातलं उरलं होतं एवढंच, एक बारीक चौकोनी खिडकी. मी त्याला ती दाखवली. आई खरं सांगत होती म्हणाले.

"डाग हाय तो," दादा म्हणाला. "घासला का निंघून जाईन."

जिचा शब्द जन्मभर मानला नाही, तिचं स्मरण त्याने नेमकं त्याच जागी कोरून घेतलं. फुलदाणी आता माझ्या घरी आहे. येणारे-जाणारे ती उलटी करून वाचतात आणि मला सांगतात, मुलाची आईवर फार माया होती.