कणकेची माणसं

बाळ नुकतंच बसाय लागलं हुतं तवाची गोष्ट. मालक पाटसच्या साखर कारखान्यावर, उसाचं गळीत चालू झालं की तिकडंच ऱ्हायचे. शिरूरजवळच्या घरात मी, आत्या म्हंजी माझ्या सासूबाई, आन् सुट्टीला आले की पुण्यात कॉलेजला असलेले धाकटे भावजी. मी सातवीपस्तोर शिकलेली, मला सगळ्याचंच भ्या वाटायचं.

त्या सुट्टीत भावजींनी एक खेळ आणला. आणला म्हंजी काय, चौकोन आखलेला कागद आन् फासे. एकजण गोष्ट सांगणार, बाकीचे त्यातली माणसं होणार, कुणी सरदार, कुणी मांत्रिक, फासा पडंल तसं लढायचं. माणसांच्या जागी खडे ठेवायचे. म्हणाले, "वहिनी, दुकानातली माणसं लई महाग. तुम्ही माहेरी पोळ्याला बैल करायच्या ना?"

माहेरी खुटबावला मी मातीचे बैल करायचे, तेवढ्यात माझा हात चालायचा. मग मीठ घालून कणीक मळली, माणसं वळली, पत्र्यावर वाळवली, शर्टाच्या बटणांवर उभी केली. हातात टाचणीचा भाला, अंगाला तांबडं नेलपॉलिश, मांत्रिकाला माझ्याच फणीतल्या केसांची दाढी. खोकं कॉटखाली सारलं. कणीक वाया घालवली म्हणतील म्हणून आत्यांना सांगितलंच न्हाई.

भावजी दौंडला मित्राकडं गेले आन् बाळाला ताप भरला. प्यायना, डोळं उघडंना. आत्या दुपटं शोधाया वाकल्या, खोकं वढलं आन् वरडल्याच, "अगं बया! करणी!"

कणकेची बाहुली, अंगावर तांबडं, टाचणी, वर बाईमाणसाचा केस. शेजारची मावशी पळत आली. "पोरगं उगं न्हाई तापलं. देवऋषाकडं न्या, आत्ताच्या आत्ता!"

आत्यांनी बाळ उचललंसुद्धा. देवऋषी पार पल्याडच्या गावाला, सगळा दिस तिथंच जाणार, आन् डाक्टर शिरूरला. मी केल्यात म्हणलं तर करणी करणारी मीच, मग मला कोण ठिवून घेणार, बाळ तर न्हाईच देणार. पण आत्या उंबऱ्याला पोचल्या आन् माझ्या तोंडातनं निघालंच, "आत्या, मी केल्यात, मी, भावजींच्या खेळाला, करणी न्हाई वो!"

"ऐका! कबूल झाली!" मावशी म्हणाली.

मी परातीतला कणकेचा गोळा घेतला आन् तिथंच आत्यांसमोर माणूस वळाय बसले. मुंडकं झालं, खांदं झालं, ढाल झाली.

"नाक कुठाय ह्याला?" आत्यांनी इचारलं.

मी चिमटून नाक काढलं.

"कोण हा?"

"सरदार."

"सरदार! पोट बघ की, सावकार दिसतोय." मग मावशीकडं वळून, "करणी करणारी बाई नाक काढीत बसती व्हय गं?" आन् मला, "चल, पदर घे, डाक्टरकडं जायचंय. आधी त्या टाचण्या उपस. लेकराच्या घरात टाचण्या!"

भराभरा उपसल्या. रस्त्यावर मिळंल त्या जीपला हात केला. डाक्टर म्हणाले, कानात पू झालाय, उद्यावर गेलं असतं तर अवघड हुतं. सुई दिली, औषध दिलं. सांजच्याला बाळ अंगावर प्यायलं, तवा माझा जीव भांड्यात पडला.

भावजी आले, खोकं उघडलं. "वहिनी, माझ्या लोकांचे भाले कुठं गेले?"

आत्याच चुलीपसनं म्हणाल्या, "तोंडानं भांडा म्हणावं त्यास्नी. आमी न्हाई का भांडत?"