पेठेच्या हिरीचा दोर

“तिथंच ठिव,” पेठेतले दुकानदार संगप्पा शेट म्हणाले.

म्या दोर पायरीखाली ठिवला. त्येंच्या गड्यानं तांब्या आणला, दोरावर पाणी शिंपडलं, मग उचलला. आत चौकात झेंड्याची काठी तयार पडली व्हती. त्या काठीला हा दोर बांधायचा व्हता. म्या दारात हुबा राहून बघत व्हतो. आत पंधरा-वीस जणं बसलेली, सगळी कमिटीची. निजामाचं राज उलथून टाकायला निघालेली माणसं. एकानंबी मान वर केली न्हाय.

म्हंजे बघा. दोर माझ्या हाताचा. झेंडा कुठं अडकू न्हाय म्हणून निवडून निवडून वाख घितला, एक कुसळ वर राहू दिलं न्हाय. त्या दोरावर पाणी. माझ्या देखत. सवय व्हती म्हणा, जल्मापास्नं त्येच बघत आलो. पण त्या दिवशी वाटलं व्हतं, आज न्हाय शिंपडणार. आजचं काम येगळं हाय. म्या येडा, दुसरं काय.

ही मुरूम गावची गोष्ट, निजामाच्या शेवटच्या वर्सांतली. म्या वीस-एकवीसचा आसंन. आमी मांग. दोर वळणं हा आमचा धंदा. केकताड, म्हंजी घायपात, ओढ्याच्या डबक्यात कुजत घालायचं, आठ-धा रोजानं काढून बडवायचं, त्याचे धागे म्हंजी वाख. त्याचा वास अंगाला चिकटतो तो आंघोळीनं जात न्हाय. वळायला दोघं लागतात. एक जण बसून फिरकी फिरवतो, दुसरा वाख लावत लावत मागं मागं चालतो. आमच्यात म्या फिरकीवर आन् बा मागं चालणारा. बाचं निम्मं आयुष्य मागं चालण्यात गेलं.

गावात सगळ्यांना दोर आमचाच. बैलाला आमचा, गाडीला आमचा. पेठेच्या मधोमध बांधीव हीर व्हती, गोड्या पाण्याची, वर रहाट. त्या रहाटाचा चाळीस हात दोर दर साली आमच्या घरानं बलुत्यात द्यायचा. दोर रोज हिरीत उतरायचा. आमचा हात लागला तर मातर हीर बाटायची. दोरावर एकदा पाणी मारलं की तो शुद्ध. माणसावर कितीबी मारा, काय उपेग न्हाय.

माय घागर घिऊन हिरीपास्नं धा हात लांब बसायची. कुणाला दया आली तर वरनं वतायचं. उन्हाळ्यात दुपार व्हायची. बायका म्हणायच्या, “थांब गं जरा, आमचं भरू दे.” त्येंचं कधी भरायचंच न्हाय. माय तशीच बसून राहायची, घागरीच्या काठावर बोट फिरवत. मला तिच्याकडं बघवायचं न्हाय. राग यायचा तो तिचाच यायचा, हे आता सांगायला लाज वाटती.

म्हणून तर कमिटीचे म्होरके वकीलसाहेब मांगवाड्यात आले तवा आमी खुळावलो. आतवर न्हाय आले, लिंबाखाली हुबे राहिले. पण आले. पांढरी टोपी, पायात कातडी चपला. तोवर आमच्याकडं टोपीवाला कोण कधी फिरकला नव्हता.

“किसन,” ते बाला म्हणाले, “अमीन तुझ्याकडून दोर नेतो ना?”

“न्हेतो की, सायब. कैदी बांधायला. फुकटच.”

“आता द्यायचा नाही. सरकारची वेठसुद्धा करायची नाही. झेंडा वर चढला की त्याच दिवशी पेठेच्या विहिरीवर तुमच्या बायका आपल्या हातानं पाणी शेंदतील. माझा शब्द आहे.”

तिसऱ्या रोजी बा मागं चालता चालता थांबला आन् म्हणला, “तुझ्या मायला पाणी शेंदताना बघायचं हाय मला.” झालं. बा म्हणला म्हणल्यावर सगळ्या मांगवाड्यानं ठरवलं. सरकारला दोर न्हाय.

अमीन म्हंजी तवाचा फौजदार. त्याचा शिपाई आला, रिकाम्या हातानं गेला. जाताना आईमाईवरनं शिव्या दिल्या, बघून घितो म्हणला. आमी काय केलं, घराघरातले तयार दोर होते नव्हते ते सगळे डबक्यात नेऊन टाकले. कुजू द्या, पण अमीनाला हातभर गावू नये. लई हुशारी केल्यागत वाटलं. झेंड्यापुरता तेवढा येक दोर मागं ठिवला, त्योच म्या शेटच्या दारात न्हेला व्हता.

झेंडा बाजारच्या दिवशी चढला, हिरीजवळच्या कट्ट्यावर. खरंच चढला. माणसं घोषणा देत व्हती, वकीलसाहेबांच्या डोळ्यांत पाणी व्हतं. आमी सात-आठ मांग कडंला हुबे. मागं माय, डोईवर चुंबळ, काखंत घागर. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं व्हतं. बानं वळून बघितलं आन् म्हणला, “जा.”

माय निघाली. चार पावलं गेली आसंन. तेवढ्यात संगप्पा शेट झेंड्याखालनं कानडीत वरडले, “निल्लु!” थांब म्हणून. माय थांबली. वकीलसाहेबांनी शेटकडं बघितलं, मायकडं बघितलं, आन् परत झेंड्याकडं बघितलं. आजून पोलीस आले नव्हते, एवढं ध्यानात ठिवा. मायला सरकारनं अडवलं न्हाय.

मग पोलीस आले. पळापळ झाली. शेटनी दुकानाची फळी आतनं लावून घितली. कमिटीचे पाच जण मातर हलले न्हायत, ते खरंच धीराचे व्हते, हे म्या खोटं सांगणार न्हाय. आमीबी हललो न्हाय. अमीन बाच्या म्होरं येऊन हुबा राहिला.

“दोर नइं बोल्या था ना तू?”

अमीनानं इकडं तिकडं बघितलं. त्याची नजर रहाटावर गेली. “फिर ये क्या हय?”

तवा माझ्या ध्यानात आलं. आमी आमच्या घरातले दोर कुजवले. पण सगळ्या गावाच्या घराघरात, गोठ्यात, हिरीवर टांगलेले दोर कुणाचे व्हते? वर्सानुवर्सं आमीच वळून दिलेले. अमीनाला मांगवाड्यात यायची गरजच नव्हती.

शिपायांनी रहाटाचा दोर सोडला. चाळीस हात, वला, जड. त्यानं आमाला येकाला येक जोडून बांधलं. बानं हात मागं घितला तर शिपायानं बंदुकीचा दस्ता मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज म्या ऐकला. कमिटीच्या लोकांना बांधलं न्हाय. “चलिये वकील साब,” अमीन म्हणला. ते म्होरं, आमी मागं. लोक दुकानांच्या फटीतनं बघत व्हते.

चौकीत मुन्शी नावं लिहायला बसला. कमिटीच्या पाच जणांची लिहिली, बापाचं नाव, जात, धंदा, सगळं. मग आमच्याकडं वळला. वकीलसाहेब म्होरं आले आन् अमीनाला म्हणाले, “इनको छोड दीजिये. ये हम में से नहीं हैं. रस्सी देने आये थे.”

आमच्या भल्याचं म्हणून बोलले. मनात खोट नव्हती त्येंच्या. पोरंबाळं हायेत, सुटू द्यात बिचारे, असं वाटलं आसंन. हेच तर आजून जाळतं. वैऱ्यानं म्हणलं असतं तर सोसलं असतं.

त्येंनी मला डोळ्यानं खुणावलं, जा, सुटलात. बा मोडका हात पोटाशी धरून हुबा व्हता. माझं डोकं सणकलं. म्या मुन्शीला म्हणलं, “म्या त्यातलाच हाय. माझं नाव लिवा.”

मुन्शीनं अमीनाकडं बघितलं. अमीन हसला. “जा बे,” म्हणला. शिपायानं कमरंत लाथ घातली. आमी रस्त्यावर. कमिटीच्या लोकांना उमरग्याला न्हेलं, तिथनं म्होरं तुरुंगात. तुरुंगाची वाट मला बंद व्हती. तिथंबी माझा इटाळ झाला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी संगप्पा शेट सोता मांगवाड्यात आले. लिंबाखालीच हुबे राहिले.

“नवा दोर लागतो,” म्हणाले. “चाळीस हात. परवापातुर.”

म्या म्हणलं, “जुना चौकीत पडलाय की. घ्या मागून.”

“तो तुमच्या अंगाला लागला. आता हिरीत कसा सोडायचा?”

“शेट, तो माझ्याच हातचा व्हता.”

“तवा पाणी मारलं व्हतं त्याच्यावर.”

“मग आताबी मारा.”

शेट शांतपणानं म्हणाले, जसं काय लेकराला समजावून सांगतेत, “वळताना हात लागणं येगळं. तुमाला बांधल्यावर लागणं येगळं. पेठ कालपास्नं बिनपाण्याची हाय. तुमच्यापायी.”

आमच्यापायी. बाचा हात हळद लावून फडक्यात बांधलेला. त्येंनी एकदा इचारलं न्हाय, हात कसा हाय म्हणून. म्या म्हणलं, “दोर मिळणार न्हाय.” माझ्या तोंडनं पहिल्यांदाच तसं निघालं. शेट तसेच माघारी गेले.

त्याच दिवशी पेठेनं आमाला जवारी द्यायची बंद केली. बलुतं बंद, इकत घ्यायला गेलं तर फळी बंद. वाड्यातल्या बायका बाकडं आल्या. कुणी रडलं, कुणी मला शिव्या दिल्या. येक म्हातारी म्हणली, “तुझ्या झेंड्यानं आमच्या चुली इझल्या.” तिला काय सांगणार? चूल इझलीच व्हती.

बा उठला. कोरडा वाख कुठनं कुठनं गोळा केला. मला म्हणला, “बस फिरकीवर.”

“न्हाय, बा.”

बानं माझ्याकडं बघितलं. मारील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो मायला म्हणला, “तू बस.” माय बसली. बा डाव्या हातानं वाख लावत मागं मागं चालू लागला. उजवा हात सुजून हा एवढा झालेला. मधीच कळ यायची, थांबायचा, दात खायचा, परत चालायचा. दोन रोज लागले. म्या उंबऱ्यावर बसून बघितलं. उठून हात लावावा असं पन्नासदा वाटलं. न्हाय लावला. ते बरोबर केलं का चूक, आजबी सांगता यायचं न्हाय.

दोर पेठेत गेला. गड्यानं पाणी मारलं. रहाटाला चढला.

माय एवढंच म्हणली, “तुझं खरं हाय रे. पण खायचं काय?”

बाचा हात तिरपा जुळला. वळणं सुटलं. काम सुटल्यावर माणूस किती टिकतं? निजामाचं राज जायच्या आदी बा गेला. मायला पाणी शेंदताना बघायचं राहूनच गेलं त्याचं.

राज गेलं, वकीलसाहेब सुटून आले. सजवलेल्या गाडीतनं मिरवणूक, संगप्पा शेटनी सगळ्यांच्या आदी हार घातला. त्येंचीबी टोपी आता पांढरी झाली व्हती. म्या घरी येऊन मायला म्हणलं, “चल हिरीवर. घागर घी.”

“न्हाय येत,” माय म्हणली. “आता कुणाला दावायचं?”

म्या येकटाच घागर घिऊन गेलो. बायका बाजूला सरल्या, कालवा झाला. वकीलसाहेब शेटच्या दुकानात चहा घेत व्हते, ते धावत आले. थकले व्हते, तुरुंगात दात पडलेले. मला त्येंची कीव आली आन् रागबी आला.

“अरे, थोडा दम धर,” म्हणाले. “आपलं राज आत्ता कुठं आलंय. लोकांची मनं वळवायला वेळ लागतो.”

“सायब, माझ्या बाला शब्द दिलता तुमी.”

“दिला होता. मी नाकारत नाही. पण आत्ता नको.”

“बा मेला, सायब.”

म्या रहाटावर हात ठिवला, पोहरा आत सोडला. पाण्याला टेकल्याचं हाताला कळलं. पोहरा अर्ध्यात आला आसंन तवा पहिली काठी पाठीत बसली. मग मोजायचं सोडूनच दिलं. अमीन नव्हता, शिपाई नव्हता. पेठेतलीच माणसं, त्यातली दोघं तर झेंड्याच्या दिवशी घोषणा देणारी. वकीलसाहेब “अरे, मारू नका, मारू नका” म्हणत कडंला हुबे व्हते. त्या दिवशीबी माझी घागर कोरडीच परत आली.

मार बरा व्हायला पंधरा रोज गेले. वाड्यातले म्हणाले, सोड नाद. वकीलसाहेबांचा निरोप आला, म्होरल्या सभंला येऊन बस, तुझा सत्कार करू, हिरीचं मातर सबुरीनं घी. म्या निरोप्याला सांगितलं, माझा सत्कार करू नका, आन् यापुढं मांगवाड्याच्या वतीनं कुणाला शब्दबी देऊ नका. आमचं आमी बोलू.

हीर मोकळी हुईल असं मला वाटत न्हाय. माझ्या हयातीत तर न्हायच. मायला डोळ्यानं आता दिसत न्हाय, तिच्यासाठी म्हणावं तर तेबी राहिलं न्हाय. पण अमीनाची भीती गेली, शेटची गेली, आन् वकीलसाहेब आपल्यासाठी काय तरी करतील ही आशा गेली, ते लई बरं झालं. आता दर बाजारच्या दिवशी, भर गर्दीत, सगळे बघत असताना, म्या घागर घिऊन पेठेच्या हिरीवर जातो आन् रहाटाला हात घालतो. ज्येंना मारायचं त्येंनी मारावं. म्या हात काढणार न्हाय.